कोण पंथ, कोण धर्म, हे ठरवणारे कोण?

गेल्या महिन्यात एका तालुक्याच्या गावी कार्यकर्त्यांचे दोन दिवसांचे शिबिर झाले. संविधानातील कलम २५ ते २८ या विषयावर आमचे व्याख्यान होते. व्याख्यान संपल्यावर समाजशास्त्रात एम.ए. करणारी एक मुलगी उभी राहिली. तिच्या हातात परीक्षेचे गाईड होते. ती म्हणाली, "सर, यात धार्मिक संघटनांचे चार प्रकार दिलेत. चर्च, पंथ, संप्रदाय आणि कल्ट. पंथाचं उदाहरण म्हणून आपलं नाव दिलंय, तेही 'हिंदू धर्मातून निघालेला पंथ' म्हणून. परीक्षेत हेच लिहायचं का?" मंडपात हशा पिकला. ती मुलगी मात्र हसली नाही. तिला पेपर लिहायचा होता. वेळ संपत आल्याने आम्ही तिला तिथे त्रोटक उत्तर दिले. सविस्तर उत्तर तिला आणि वाचकांनाही देणे लागतो, म्हणून हा लेखनप्रपंच.

हे चार खाने आले कोठून, ते आधी पाहू. जर्मन विद्वान मॅक्स वेबर आणि त्याचा मित्र अर्न्स्ट ट्रोल्च यांनी ते प्रथम आखले. ट्रोल्चचा ख्रिस्ती चर्चच्या सामाजिक शिकवणुकीवरील मोठा ग्रंथ १९१२ साली आला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे. चर्चमध्ये माणूस जन्माने येतो. चर्च सर्वांना सामावून घेते आणि राज्यसत्तेशी व वरिष्ठ वर्गाशी जुळवून घेते. पंथात माणूस स्वतः समजून-उमजून जातो. पंथ लहान असतो, कडक असतो आणि बहुधा खालच्या थरातून उभा राहतो. पुढे १९३२ मध्ये हॉवर्ड बेकर या अमेरिकन अभ्यासकाने त्यात भर घालून चार खाने केले. पंथ मुरला, स्थिरावला, प्रतिष्ठित झाला की तो संप्रदाय. आणि एखाद्या व्यक्तीभोवती किंवा एखाद्या साधनेभोवती जमलेला सैल घोळका म्हणजे कल्ट. पुढच्यांनी आणखी कसोट्या लावल्या. संघटनेचे भोवतालच्या समाजाशी किती वैर आहे यावरून ती मोजा, असे एकाने सांगितले. ती स्वतःलाच एकमेव सत्य मानते की इतरांनाही सत्याचा वाटा देते, ते पाहा, असे दुसऱ्याने.

या विद्वानांशी आमचे भांडण नाही. युरोपातील ख्रिस्ती संघटना समोर ठेवून त्यांनी ही मांडणी केली आणि तिथे ती बरीचशी लागूही पडते. भांडण आहे ते ही मापे जशीच्या तशी उचलून आपल्या अंगावर चढवणाऱ्यांशी.

खुद्द अमेरिकेतच या मापांची दुसरी बाजू एका ख्रिस्ती धर्मशास्त्रज्ञाने दाखवून दिली. रिचर्ड नीबुर हे त्याचे नाव. १९२९ साली त्याने सप्रमाण मांडले, की अमेरिकेतील ख्रिस्ती संप्रदाय देव-पुत्र-पवित्र आत्मा यांच्या वादावरून जितके फुटले, त्याहून अधिक ते वर्ग, वंश आणि प्रदेश यांवरून फुटले. नाव धर्मतत्त्वाचे आणि भिंत समाजाची. याचे ढळढळीत उदाहरण फिलाडेल्फिया शहरातले आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस तेथील सेंट जॉर्ज मेथडिस्ट चर्चमध्ये काळे उपासक गुडघे टेकून प्रार्थना करीत होते. 'ही जागा तुमची नाही' म्हणून चर्चच्या विश्वस्तांनी ऐन प्रार्थनेत ॲबसॅलम जोन्स यांना धरून उठवले. प्रार्थना तरी संपू द्या, एवढेच ते म्हणाले. मग सगळे काळे उपासक एकत्र उठले आणि बाहेर पडले. त्यांतील रिचर्ड ॲलन यांनी काळ्यांचे वेगळे चर्च उभे केले. त्या इमारतीवरही गोऱ्या मेथडिस्टांनी हक्क सांगितला, प्रकरण कोर्टात गेले, काळ्यांच्या बाजूने लागले, आणि १८१६ मध्ये आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च ही स्वतंत्र संस्था स्थापन झाली. आता समाजशास्त्राचे पाठ्यपुस्तक सांगणार, की हा मूळ संप्रदायातून 'फुटलेला' गट. फुटले कोण? उठवले गेले ते, की उठवणारे?

हा प्रश्न आमच्या वाचकाला समजावून सांगावा लागत नाही.

आता भारताकडे येऊ. वेबरने १९१६-१७ मध्ये हिंदू आणि बौद्ध धर्मांवरही लिहिले. हिंदू हा जन्माने मिळणारा धर्म आहे, हे त्याच्या नजरेतून सुटले नाही. पण जन्माने मिळतो म्हणून त्याला चर्च म्हणावे, तर चर्चमध्ये निदान सर्वांचा एकच बाप्तिस्मा असतो, एकच पंगत असते. हिंदूंत असे काय आहे? माणसाला आत घेणारी, बाहेर काढणारी, दंड करणारी, लग्न आणि मयत ठरवणारी संघटना येथे धर्माची नाही, जातीची आहे. हिंदू समाज म्हणजे जातींची गोळाबेरीज, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच जातिसंस्थेच्या निर्मूलनावरील भाषणात सांगितले होते. तेव्हा चार खान्यांच्या या तक्त्यात जात कुठे बसते? कुठेच नाही. जो तक्ता जात पाहूच शकत नाही, तो भारतातील धर्मसंघटनांचे वर्गीकरण करायला निघाला तर काय होते, याचा कायद्यातील सर्वांत बोलका दाखला अहमदाबादचा आहे.

मुंबई इलाख्यात १९४७ साली हरिजन मंदिर प्रवेश कायदा झाला. अहमदाबाद तेव्हा मुंबई इलाख्यातच होते. तेथील स्वामिनारायण मंदिरात दलितांना घेऊन प्रवेश करण्याचे मुळदास भुदरदास वैश्य या दलित पुढाऱ्याने ठरवले. हे कळताच सत्संगी मंडळी जानेवारी १९४८ मध्ये दिवाणी न्यायालयात धावली. दावा काय? तर आम्ही हिंदूच नाही! आमचा संप्रदाय स्वतंत्र आहे. आम्ही स्वामिनारायणांनाच परमेश्वर मानतो. आमच्यात कोणत्याही धर्माच्या माणसाला दीक्षा मिळते. सबब आमचे मंदिर हे हिंदू मंदिर नाही आणि हिंदू मंदिरांचा कायदा आम्हांस लागू नाही. वाचकहो, जरा थांबून याचा अर्थ लक्षात घ्या. दलित दारात उभा राहीपर्यंत जे हिंदू होते, ते दलित दारात येताच अहिंदू झाले. दाराला कडी घालता यावी म्हणून धर्म सोडायला तयार झाले! आम्ही पंचवीस वर्षे वकिली करीत आहोत. असिलाने सोयीनुसार पवित्रा बदलल्याची उदाहरणे आम्ही पुष्कळ पाहिली. याच्या तोडीचे पाहिले नाही.

खालच्या न्यायालयात सत्संगी जिंकले. मुंबई उच्च न्यायालयाने १९५८ मध्ये तो निकाल फिरवला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १४ जानेवारी १९६६ रोजी सरन्यायाधीश गजेंद्रगडकर यांनी पाच न्यायमूर्तींच्या पीठाच्या वतीने निकाल दिला. (गजेंद्रगडकर सातारचे. बाबासाहेबांचे शाळेचे पहिले दिवसही सातारचेच.) स्वामिनारायण पंथ हा हिंदू धर्माचाच भाग आहे, त्यामुळे मंदिर उघडलेच पाहिजे, असा तो निकाल. या दाव्यामागे अंधश्रद्धा, अज्ञान आणि धर्माच्या खऱ्या शिकवणुकीविषयीचा गैरसमज आहे, असा शेराही न्यायालयाने मारला. मुळदास जिंकले. अठरा वर्षांनी का होईना, दार कायद्याने उघडले. त्याचे श्रेय आम्ही नाकारीत नाही.

पण हे निकालपत्र आम्हांला पुन्हा पुन्हा वाचावे लागते ते दुसऱ्याच कारणासाठी. स्वामिनारायण हिंदूच, हे सिद्ध करण्यासाठी हिंदू म्हणजे कोण हे सांगणे न्यायालयाला भाग पडले. त्यासाठी लोकमान्य टिळकांची व्याख्या स्वीकारली गेली. वेदांच्या ठायी प्रामाण्यबुद्धी, साधनांची अनेकता, आणि उपास्य दैवत एकच असण्याचा नियम नसणे, अशी ती व्याख्या. त्याच निकालपत्रात हिंदू धर्मात वेळोवेळी झालेल्या संत-सुधारकांची एक यादीही आहे. ज्ञानेश्वर, तुकाराम, नानक, चैतन्य, बसव यांच्याबरोबर त्या यादीत महावीर आहेत आणि बुद्धही आहेत. आता व्याख्या आणि यादी शेजारी शेजारी ठेवून वाचा. ज्याने वेदांचे प्रामाण्यच नाकारले तो तथागत पहिल्याच अटीवर व्याख्येबाहेर जातो. पण यादीत तो आतच बसलेला. एकाच निकालपत्रात व्याख्या बुद्धाला बाहेर ठेवते आणि यादी त्याला आत ओढते. मंदिराचे दार उघडता उघडता दुसऱ्या एका धर्माच्या घराला परस्पर आपले आवार ठरवून टाकले.

तो काही न्यायालयाच्या निकालाचा गाभा नव्हता, ओघात आलेले विधान होते, असे कायद्याचा विद्यार्थी म्हणेल. खरे आहे. पण ओघात आलेली विधानेच गाईडात जातात आणि त्या मुलीच्या पेपरात उतरतात. बोधगयेत काय घडले पाहा. तेथील महाविहाराचा कारभार १९४९ च्या बिहारच्या कायद्याने चालतो. समितीत चार बौद्ध, चार हिंदू आणि अध्यक्ष जिल्हाधिकारी. तो जिल्हाधिकारी हिंदू नसेल तर त्याच्याऐवजी हिंदू अध्यक्ष नेमावा, ही तरतूद जायला २०१३ साल उजाडले. बुद्ध हा 'आपल्यातलाच एक' ठरला की त्याच्या घराची अर्धी किल्ली आपल्या कमरेला लावण्यात कोणाला संकोच वाटत नाही.

संविधानाच्या कलम २५ मधील दुसऱ्या स्पष्टीकरणाचाही उल्लेख येथे केला पाहिजे. त्यात 'हिंदू' या शब्दात शीख, जैन व बौद्ध यांचा समावेश केला आहे. आमचे काही कार्यकर्ते ते वाचून एकदम संतापतात. ते स्पष्टीकरण सार्वजनिक स्वरूपाच्या हिंदू धर्मसंस्था सर्वांना खुल्या करण्याच्या उपखंडापुरते आहे, हे त्यांनी ध्यानात घ्यावे. हिंदू कोड बिलाच्या कक्षेत बौद्ध, जैन, शिखांना घेण्याचे समर्थन तर संसदेत खुद्द बाबासाहेबांनीच केले होते. तेव्हा तेथे कट शोधण्यात अर्थ नाही. मात्र संविधानाच्या कार्याचा आढावा घेणाऱ्या वेंकटचलय्या आयोगाने २००२ मध्ये हे स्पष्टीकरण वगळून चारही धर्मांची नावे स्वतंत्रपणे लिहावीत, अशी शिफारस केली. ती साधी, बिनखर्चाची दुरुस्ती अजून कोणत्याही सरकारला सुचलेली नाही.

न्यायालयांची अडचण आम्ही समजू शकतो. कलम २६ धार्मिक संप्रदायाला स्वतःचा कारभार पाहण्याचा हक्क देते, पण संप्रदाय म्हणजे काय ते सांगत नाही. १९५४ मध्ये शिरूर मठाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्सफर्डचा शब्दकोश उघडला आणि त्यातून समान श्रद्धा, समान संघटना आणि वेगळे नाव या तीन कसोट्या घेतल्या. इंग्लंडमधील चर्चच्या इतिहासात घडलेला शब्द उडुपीच्या मठाला लागू झाला. पुढे मुल्कीच्या वेंकटरमण देवळाच्या खटल्यात, गोव्याकडून तिकडे गेलेल्या गौड सारस्वत ब्राह्मणांना याच कसोट्यांवर संप्रदाय मानले गेले. एक जात संप्रदाय ठरली! सुदैवाने त्याच निकालात, सार्वजनिक मंदिर सर्व हिंदूंना खुले करण्याचा कायदा संप्रदायाच्या हक्कापेक्षा वरचढ आहे, असेही ठरले. काही विशिष्ट विधी तेवढे त्यांच्याकडे राहिले.

हिंदूंबाहेरही हेच. इस्लाममध्ये चर्च नाही, पाद्र्यांची उतरंड नाही, म्हणून ट्रोल्चचे माप तिथे बसत नाही, असे अभ्यासक सांगतात. पण दाऊदी बोहरा समाजाचे सय्यदना एखाद्या माणसाला वाळीत टाकू शकत होते. मग त्याला मशीद बंद, कब्रस्तान बंद, घरच्यांशी बोलणे बंद. मुंबई राज्याने १९४९ मध्ये अशा बहिष्काराला बंदी करणारा कायदा केला. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये तो चार विरुद्ध एक अशा बहुमताने रद्द केला. आपले सभासद कोण हे ठरवणे हा संप्रदायाचा हक्क, हे त्यामागचे कारण. तो 'एक' म्हणजे सरन्यायाधीश बी. पी. सिन्हा. वाळीत टाकलेल्या माणसाची स्थिती अस्पृश्यासारखी होते, म्हणून हा कायदा अस्पृश्यता नष्ट करणाऱ्या कलम १७ च्या दिशेनेच जातो, असे त्यांनी लिहिले. आमच्या मते त्या पीठावर धर्मसंघटना म्हणजे काय हे एकाच न्यायमूर्तींना नीट दिसले होते. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, तो सर्व धर्मांना व जातपंचायतींना लागू आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने १९६२ च्या निकालाचा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवला. साठ वर्षांनी सिन्हांच्या लेखणीकडे परत वळावे लागले.

आता आपल्या घराकडे. चळवळीच्या वाचकाला इथपर्यंतचे सारे गोड लागले असेल. पुढचे कदाचित लागणार नाही.

सरकारी अर्जावर, योजनांच्या नावांत अजून 'अनुसूचित जाती व नवबौद्ध' असे लिहिलेले असते. बाबासाहेबांनी १३ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात पत्रकारांशी बोलताना 'नवयान' हा शब्द वापरला. तो त्यांनी आपल्या मार्गाला दिलेला शब्द होता. 'नवबौद्ध' हा कचेरीने आपल्या कपाळावर मारलेला शिक्का आहे. आणि शिक्क्याची किंमतही आपण मोजली. धम्म स्वीकारला म्हणून अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती गेल्या, त्या परत मिळायला १९९० साल यावे लागले. चौतीस वर्षे. देशातील सुमारे ८४ लाख बौद्धांपैकी ६५ लाख महाराष्ट्रात आहेत, असे २०११ ची जनगणना सांगते. त्यांतील बहुतेक आज दीक्षा घेतलेले नाहीत, बौद्ध आईबापांच्या पोटी जन्मलेले आहेत. इथे नीबुरची आठवण होते. पंथ एका पिढीपुरताच पंथ असतो, असे तो म्हणत असे. दुसऱ्या पिढीला तो आयता मिळतो. दीक्षाभूमीवर उन्हात उभे राहून बावीस प्रतिज्ञा म्हणणारा आजोबा धम्मात चालत गेला. त्याचा नातू धम्मात जन्मला. तो धम्म त्याच्याजवळ समजुतीने आहे की दाखल्यावर आहे, हा प्रश्न कोणत्याही समाजशास्त्रज्ञाने विचारण्याची वाट आपण का पाहावी?

श्रीलंकेचे उदाहरण देतो. बाबासाहेब १९५० मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी त्या देशात गेले होते. तेथील भिक्खूसंघ तीन प्रमुख निकायांत विभागलेला आहे. सियाम निकाय १७५३ मध्ये सयामहून आलेल्या भिक्खूंच्या उपसंपदेने सुरू झाला. काही वर्षांतच त्याची उपसंपदा गोयिगम या वरच्या, जमीनधारक जातीपुरती राखून ठेवण्यात आली. मग किनारपट्टीवरील सलागम जातीचे श्रामणेर समुद्र ओलांडून ब्रह्मदेशात अमरपुरास गेले, १८०० मध्ये तिथे उपसंपदा घेतली आणि १८०३ मध्ये परत येऊन त्यांनी अमरपूर निकाय स्थापला. तिसरा रामञ्ञ निकाय १८६४ चा, तो विनयाच्या काटेकोरपणासाठी. पहिल्या दोहोंत त्रिपिटकाचा फरक नाही, शीलाचा फरक नाही. फरक जातीचा. अत्त दीप भव सांगणाऱ्याच्या संघात! चार खान्यांचा तक्ता हे दोन निकाय शेजारी शेजारी, एका रंगात दाखवील. मुल्की आणि फिलाडेल्फिया ज्याने वाचले त्याला मात्र दोन रंग दिसतील.

आणि श्रीलंकेला नावे ठेवण्यापूर्वी एक आपलेच प्रकरण. आमच्याकडे काही महिन्यांपूर्वी एक कागद आला. एका गावच्या विहाराचा न्यास, साठच्या दशकात नोंदलेला. मातंग समाजातून धम्मदीक्षा घेतलेल्या एका कुटुंबाने सभासदत्वासाठी अर्ज केला होता आणि तो फेटाळला गेला होता. कारण म्हणून न्यासाच्या घटनेतील कलम दाखवले गेले. सभासद हा त्या गावचा, पूर्वाश्रमीच्या महार समाजातील बौद्ध असावा, असे ते कलम. आम्ही विश्वस्तांना भेटलो. माणसे वाईट नाहीत. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "वकीलसाहेब, जागा जुन्या वतनाची. गावातल्या पाटलांचा डोळा होता तिच्यावर. आमच्या बापांनी उपाशी राहून वर्गणी केली. उद्या कोणीही सभासद होऊन आला तर जागा जाईल, या भीतीनं ते कलम घातलं." भीती खरी होती, हे आम्ही मान्य करतो. आम्ही त्यांना एवढेच विचारले, की अर्ज करणारे कुटुंब पाटलांचे आहे का? त्यावर कोणी बोलले नाही. २७ मे २००७ रोजी मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर भटक्या-विमुक्तांनी दीक्षा घेतली तेव्हा टाळ्या वाजवायला आपण सारेच होतो. त्यांतल्या किती जणांची नावे आपल्या विहारांच्या सभासद नोंदवहीत आहेत, हे ज्याने त्याने आपल्या गावी कपाट उघडून पाहावे.

त्या मुलीला आम्ही शिबिरात सांगितले ते असे. पेपरात वेबर लिही, ट्रोल्च लिही, चार प्रकार लिही. परीक्षक तेवढेच मागतो. 'हिंदू धर्मातून निघालेला पंथ' हे मात्र लिहू नको. टिळकांची व्याख्या लिही आणि वेदप्रामाण्याच्या अटीवर बुद्ध त्यात बसत नाही एवढे एक वाक्य जोड. त्याचे गुण कापले तर उत्तरपत्रिकेची प्रत मागव, पुढचे आम्ही पाहतो. मग कोणत्याही धर्मसंघटनेकडे पाहताना स्वतःसाठी तीन गोष्टी विचार. आत कोण येऊ शकतो, बाहेर पडणाऱ्याचे काय होते, आणि किल्ली कोणाकडे आहे. तिने ते वहीत लिहून घेतले आणि विचारले, "सर, आपल्या विहाराचंही असंच विचारायचं?"

त्या न्यासाची सर्वसाधारण सभा झाली. कलम बदलण्याचा ठराव सात मतांनी पडला. तरुण बाजूने होते, म्हातारे विरुद्ध. अर्ज करणाऱ्या कुटुंबातील बाई बाहेर ओट्यावर बसून होत्या. जागेच्या संरक्षणासाठी वेगळे कलम घालून सभासदत्व सर्व दीक्षित बौद्धांना खुले करणारा नवा मसुदा आम्ही विश्वस्तांकडे पाठवला आहे. पुढची सभा वर्षावास संपल्यावर, आश्विन पौर्णिमेनंतरच्या पहिल्या रविवारी आहे.